कोपराच्या ऑपरेशनबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, तुझ्या कोपराचा एक्स-रे पाहिला. कोपर टेबलावर टेकलं की जे टोक टोचतं, तेच आडवं मोडलंय आणि दोन तुकड्यांत फट पडलीय. बाबा, 'प्लास्टरने भागणार नाही का?' असं तुम्ही विचारलंत. फट नसती तर भागलं असतं. पण दंडामागचा स्नायू, ट्रायसेप्स, त्याच टोकाला चिकटलेला असतो. तो आखडला की तुकडा वर ओढला जातो, आणि प्लास्टरला ही आतली ओढ थोपवता येत नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या, हाताला फारसं काम नसलेल्या माणसाचं ऑपरेशनशिवायही निभतं. आई अडुसष्टची आहे आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊनच उठते.

मोड साधी आहे, म्हणून बहुतेक टेन्शन बँड करतील. तुकडे जुळवून साधारण १.६ मिलिमीटरच्या दोन के-वायर (पातळ, टोकदार सळ्या) टोकाकडून हाडात घालतात. मोडीच्या खालच्या बाजूला आडवं भोक पाडतात, त्यातून स्टीलची तार आठच्या आकारात फिरवतात (इंग्रजी आठ, आपला ८ नव्हे) आणि पिळून ताणतात. कल्पना अशी, की कोपर वाकताना मागची ओढ तारेने पेलावी आणि सांध्याकडच्या बाजूला तुकडे एकमेकांवर दाबले जावेत. हाडाचा चुरा असेल तर मात्र तारेने ते आखूड होतं. तिथे स्क्रूने बसवायची धातूची प्लेटच हवी.

सगळ्यात जास्त तक्रार होते ती वायर मागे सरकून कातडीखाली टोचल्याची. म्हणून त्या तिरप्या घालून हाडाच्या पुढच्या कडेत रुतवतात, मागची टोकं वाकवून ट्रायसेप्सखाली पुरतात. तरीही हाड जुळल्यावर पुष्कळांच्या वायर काढाव्या लागतात. पुढून वायर जास्त बाहेर आली तर तळहात उताणा-पालथा होताना अडतो. सर्जन हे ऑपरेशनच्या टेबलावरच तपासतात. करंगळीला मुंग्या आल्या तर लगेच सांगा, तिची नस कोपराला खेटूनच जाते.

आई, बोटं त्याच दिवसापासून हलव. कोपर कधी वाकवायचं ते सर्जन सांगतील, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. उशीर झाला तर ते आखडतं. साधारण सहा आठवडे त्या हातावर भार देऊन उठायचं नाही. बाबा, मालीश नको आणि ओढून सरळ करणंही नको. त्याने स्नायूत हाड धरू शकतं. शेवटचे दहा-पंधरा अंश कदाचित सरळ होणार नाहीत. रोजच्या कामांना ३० ते १३० अंश (पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य) पुरतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भूल देणाऱ्यांना सांगा, परस्पर बंद करू नका. आणि सूज बोटांत उतरते, तेव्हा अंगठी आजच साबण लावून काढ.

तुमची,
ताई