उलट बाजूचाही फोटो पाठव

चि. सायूस,
अनेक आशीर्वाद.

पत्रच लिहितेय, दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. बाबांनी टॅबवर मराठी कीबोर्ड टाकून दिलाय. बोलून टाइप करायचंही शिकवलं होतं, पण मी 'टाके' म्हटलं की ते 'टाकी' लिहितं, म्हणून एका बोटाने ठोकत बसलेय. चुका झाल्या तर लाल पेन काढू नकोस, मी पण बत्तीस वर्षं तेच केलंय.

रविवारचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. "सोडून दे सगळं आणि ये निघून" असं मी म्हणायला नको होतं, आणि तूही मधेच फोन कट करायला नको होतास. झालं, तेवढंच. पण त्यानंतर पाच दिवस नुसते अंगठे पाठवतेयस. जेवलीस का, अंगठा. थंडी किती, अंगठा. अगं अंगठेबहाद्दर तर आपली गयाबाई होती, तीसुद्धा दिवसभर बोलत असायची.

मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा की कॅमेऱ्यात तुझ्या मागे खुर्चीच्या हातावर ते विणकाम दिसतं ना, ते तीन रविवार तिथेच आहे. त्याच जागी, निळा धागा खाली लोंबतोय तोही तसाच. मी स्क्रीनशॉट काढून मोठा करून बघितला (बाबा म्हणाले आली सीआयडी), अकरावा पट्टा अर्धाच आहे. त्या शेटलँड बेटांवरून आलीस तेव्हा आठवड्याला दोन पट्टे व्हायचे. आता तू म्हणशील आई, प्रिलिम तोंडावर आहेत, हायरच्या, म्हणजे तिथल्या बोर्डाच्या, मुलांचे पेपर आहेत, रिपोर्ट लिहायचेत, विणू कधी. माहीत आहे मला. मी विचारत नाहीये का विणत नाहीस. मी फक्त दिसलं ते सांगतेय.

गेल्या हिवाळ्यात तू "आई, मला विणायला शिकव" म्हणालीस तेव्हा मला काय वाटलं ते तुला सांगितलंच नाही कधी. कार्यानुभवाच्या तासाला मी अख्ख्या शाळेच्या मुलींना सुलट-उलट शिकवलं, आणि माझी स्वतःची मुलगी तेवढी शेवटच्या बाकावर मांडीत गोष्टीचं पुस्तक धरून. आणि मग तिशी ओलांडल्यावर तिकडे स्कॉटलंडात, ॲबर्डीनमधून व्हिडिओ कॉलवर टाके घालायला शिकतेय! मी म्हटलं दहा नंबरच्या सुया घे, तू दहा मिलिमीटरच्या घेऊन आलीस, लाटण्याएवढ्या. बाबा दोन दिवस हसत होते. मला काय माहीत, आपल्याकडे अजून जुने इंग्रजी नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक, आणि तिकडे इंग्रजांनी स्वतः ते कधीच सोडून दिले, आपणच धरून बसलोय. आपली दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर हे मला तुझ्यामुळे कळलं, साठी उलटल्यावर.

आणि मग तू माझ्या पुढेच गेलीस. ऑक्टोबरच्या सुट्टीत रात्रभर बोटीने शेटलँडच्या लर्विकला काय गेलीस, एकटी, त्या समुद्रातून (बोट हलत होती हे तू मला आल्यावर सांगितलंस, बरं केलंस), आणि ते पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे गुंडे घेऊन आलीस. एक निळा सोडला तर न रंगवलेली लोकर, मेंढीच्या अंगावर असते तीच. तांबूस तपकिरीला मूरिट, गडद राखाडीला शेला. शेला म्हटल्यावर मला आपला लग्नातला शेलाच आठवला, मी दिवसभर घरात शेला शेला करत होते. आणि तो फेअर आयल विणीचा नियम, एका ओळीत दोनच रंग, तिसरा घ्यायचाच नाही, आणि तरी एवढी नक्षी दिसते. सगळं गोल विणायचं म्हणून सगळे सुलटच टाके, उलट टाका नाहीच. मी म्हटलं उलट टाका नाही तर ते विणकाम कसलं! पण त्याहून कहर म्हणजे ती कात्री. तुमच्या शाळेच्या ऑफिसातल्या त्या बाईंनी अख्खा गोल विणलेला स्वेटर समोर मधोमध कात्रीने सरळ कापला, आणि एक टाका सुटला नाही! तो व्हिडिओ मी डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघितला. ती लोकर एकमेकीला धरून राहते म्हणतात, चिकट असते. आमची वर्धमानची लोकर कापली असती तर मांडीत नुसती शेवई उरली असती. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या कमरेचा तो चामड्याचा पट्टा, भोकाभोकांचा, आत घोड्याचे केस भरलेला, त्यात सुईचं टोक खोचून त्या विणतात ना, तो मी बाबांच्या जुन्या पट्ट्याचा करून बघणार होते. बाबांनी पट्टा लपवलाय.

त्या बाईंकडे शुक्रवारी जातेस ना अजून? जात नसशील असं मला वाटतं. बरं, विचारत नाही.

पण एक सांगते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तू फोटो पाठवला होतास, नववा पट्टा गोळा होतोय, चुण्या पडतायत, काय चुकलं? मी म्हटलं उलट बाजू दाखव. उलट बाजू बघितली आणि मला सगळं दिसलं. बाबांच्या टोपीत मागचे धागे कसे सैल, झोपाळ्यासारखे जात होते एका रंगाकडून दुसऱ्याकडे, आणि या पट्ट्यात एकेक धागा सतारीच्या तारेसारखा ताणलेला. मी तुला शहाण्यासारखं सांगितलं की सुईवरचे टाके आधी पसरून घे आणि मग मागचा धागा आण. तू म्हणालीस हो. खरं तर मला विचारायचं होतं की बाई गं, हात एवढा आवळला कशाने. तेव्हाच विचारायला हवं होतं. मग रविवारी एकदम भलतंच तोंडातून गेलं.

त्यातून ते घड्याळ. ऑक्टोबरअखेर तुमचं घड्याळ एक तास मागे गेलं आणि आपला फोनच बिघडला. आधी तू पाचला घरी येऊन फोन करायचीस तेव्हा इथे साडेनऊ, आता साडेदहा, बाबा पेंगतात आणि मी जांभया देत ऐकते, तुला वाटत असेल आईला रस नाही. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि साडेतीनला अंधार म्हणजे तू अंधारात जातेस आणि अंधारात येतेस. निफाडला पारा पाच-सहावर उतरला की आपण पेपरात फोटो छापतो, पण आठ वाजता अंगणात ऊन असतं गं. थंडीचं मला काही वाटत नाही, थंडीला स्वेटर आहे. तिथलं सरकारच सांगतं ना की हिवाळाभर सगळ्यांनी ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, आणि आपल्यासारख्या सावळ्यांनी तर वर्षभर. घेतेस का? अंगठा नको, हो किंवा नाही लिही. आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बाहेर जाऊन उभी राहत जा, वर्गात बसून वह्या तपासू नकोस, आणि रात्री दहानंतर लॅपटॉप बंद म्हणजे बंद, आणि शनिवारी सकाळी उठून आधी पोटभर नाश्ता, नुसती कॉफी नाही, आणि रोज एक ओळ तरी, फार नाही, एकच ओळ

झालं सुरू माझं. अभी म्हणतो आई तू पत्र लिहीत नाहीस, परिपत्रक काढतेस. सॉरी. वरचं सगळं खोडून टाक असं समज, गोळीचं सोडून.

मला सांगायचं होतं वेगळंच. २००४ ची लोकसभा, एप्रिल महिना, मला इलेक्शन ड्यूटी लागली होती आणि तू दहा वर्षांची, कांजिण्या उठलेल्या. पहाटे पाचला हजर, दिवसभर बोटाला शाई लावणं, आणि संध्याकाळी मशिन जमा करायला जी लाइन लागली ती रात्री एकपर्यंत. उकाडा असा की पदर पिळावा. सगळे चिडलेले, आणि मी पिशवीतून लोकर काढली. नीताच्या बाळाची टोपी. एप्रिलमध्ये लोकर! शेजारचे गुरुजी म्हणाले बाई, तुम्हाला चटका बसला का उन्हाचा. पण सांगते, त्या आठ तासांतलं माझं स्वतःचं काय होतं तर ती टोपी. मशिन सरकारचं, रजिस्टर सरकारचं, घरी तुझं अंग तापलेलं तेही बाबांच्या हातात. ते बारा टाके एका सुईवर तेवढे माझे. घरी आले तर तू जागी होतीस आणि म्हणालीस दाखव किती झाली. आठवतं? तू अंगाला खाजवत खाजवत टाके मोजले होतेस आणि एक कमी निघाला होता. तुझं बरोबर होतं. तो टाका मी आजवर कुणाला सांगितला नाही, नीताच्या पोराने तशीच घातली ती टोपी.

म्हणून तुझ्या त्या १४४ टाक्यांचं मला इतकं कौतुक. वर्गात टोपी घेऊन गेलीस, आणि सोळा टाक्यांची एक नक्षी आणि अठरा टाक्यांची दुसरी, दोन्ही एकाच टोपीत अर्धवट न तुटता बसवायच्या तर कमीत कमी किती टाके घ्याल, म्हणून विचारलंस. लसावि! मी जन्मभर लसावि शिकवला तो दोन घंटा एकाच वेळी पुन्हा कधी वाजतील करत, आणि माझ्या हातात आयुष्यभर सुया होत्या, मला नाही सुचलं. कट्ट्यावर सगळ्यांना सांगून झालंय, कुलकर्णीकाकूंना दोनदा. त्यांना हेही सांगितलं की तिथे एका वर्गात ३३ च्या वर मुलं घेता येत नाहीत आणि आठवड्याला साडेबावीस तासांच्या वर शिकवायला लावता येत नाही. त्या म्हणाल्या मग एवढी दमते कशाने पोरगी? मी म्हटलं आमच्याकडे वर्गात सत्तर होती पण आम्ही नुसतं शिकवायचो, हिला एकेका पोराबद्दल लिहावं लागतं. बरोबर सांगितलं ना?

पहिल्या वर्षी तू किती सांगायचीस गं. ती बटरी, खारीला कुणीतरी पोळपाटावर दाबून मीठ जास्त घातल्यासारखी, ती रेडिएटरवर ठेवून गरम करतेस म्हणून सांगितलंस तेव्हा मी इथे खारी आणून तव्यावर दाबून बघितली होती. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की काचेवरच्या वाफेवर बोटाने नाव लिहितेस, मांजराएवढे सीगल, पाऊस पडून गेल्यावर ग्रॅनाइटच्या भिंती चमकतात. आणि ते "फिट लाइक?" तिथले लोक कसं काय असं विचारतात, आणि उत्तर ठरलेलं, "ने बॅड." कितीही वाईट असलं तरी ने बॅड. आम्ही दोघं महिनाभर एकमेकांना तेच म्हणत होतो चहाच्या वेळी.

आता तू मलापण ने बॅडच सांगतेस. मराठीत.

उषापण "ठीक आहे गं" म्हणायची. शाळा, पेपर, दमले गं, ठीक आहे गं. मी दर रविवारी तिच्याकडे जायचे आणि तिच्या टोपलीतला तो बदामी रंगाचा गुंडा बघायचे, आणि मला वाटायचं, असेल, वेळ नसेल. तो गुंडा माझ्याकडेच आहे, तुला माहीत आहे कुठे. तू उषा नाहीस, बाबा मला रोज सांगतात, तू तिच्यापेक्षा दहापट कणखर आहेस, मला पटतं. दिवसा पटतं. रात्री साडेदहाला तुझ्यामागे तो निळा धागा दिसला की नाही पटत. बस. एवढंच होतं, ते मी लिहिणार नव्हते.

परत ये म्हणत नाहीये. राहा. जून आला की तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा आम्ही दोघं येऊ, बाबांनी पासपोर्ट काढून ठेवलाय रिन्यूला. लग्नाचं पण काही म्हणत नाहीये, बघ, एवढ्या लांब पत्रात आत्ता पहिल्यांदा शब्द आला. फक्त बोल गं. वाईट असेल तर वाईट सांग, मी उपाय सांगणार नाही. प्रयत्न करेन.

पार्सल उद्या निघेल. मेतकूट, भाजणी, आणि माझ्या स्टीलच्या दहा नंबरच्या सुया बाबांच्या चष्म्याच्या घरात घालून. लोकरही घालत होते, बाबा म्हणाले स्कॉटलंडला लोकर पाठवणारी तू पहिलीच. मीही टाके घातलेत परवापासून, गुंडा बदामी आहे. किती दिवस नुसता ठेवायचा.

तुझी,
आई

ता. क. तो नववा पट्टा उसवू नकोस. धुऊन, ओला असताना टाचण्या लावून पसरलास तर बराचसा सरळ होतो. फोटो पाठव. उलट बाजूचाही. आणि अंगठा नको.