बटण दाबलं, पंखे फिरले, पुढे काय?

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी घरीच कॉम्प्युटर कसा जोडायचा यावर अख्खं पान आलं होतं. फोटोबिटो छान होते, प्रोसेसर कसा बसवायचा, रॅम कशी दाबायची सगळं होतं, आणि शेवटी बटण दाबा की झाला सुरू असं म्हणून लेख संपला. आमच्या घरात खरी भानगड त्या बटणापासूनच सुरू झाली म्हणून हे पत्र.

मी चिपळूणला मोटर रिवायंडिंगचं काम करतो, पंप, पंखे, मिक्सर, जे जळेल ते. २०२१ च्या जुलैच्या पुरात घरातला जुना कॉम्प्युटर गेला (तळमजल्यावर राहतो, काय वाचणार), तेव्हापासून लेक मोबाईलवर भागवत होती. आता डिप्लोमाला ड्रॉइंगची सॉफ्टवेअर लागतात म्हणून पार्ट आणून जोडायचं ठरलं आणि आम्ही दोघांनी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा). बोर्ड जरा स्वस्त पडत होता, लेकीने दोनदा विचारलं की हा या प्रोसेसरला चालेल ना, तर काउंटरवरचा म्हणाला सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) सेम आहे, बिनधास्त न्या. रात्रीच्या कोकणकन्येने खोके मांडीवर घेऊन पहाटे घरी.

दुपारी जोडून झालं. देवाला नमस्कार करून बटण दाबलं. पंखे फिरले, कॅबिनेटचे रंगीत दिवे लागले, आणि मॉनिटरवर नो सिग्नल. बस्स. दहा मिनिटं थांबलो तरी तेच.

मग आमची शोधाशोध. आधी कळलं की केबल आम्ही मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खुपसलीय आणि या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्सच नाही, म्हणजे तिथून चित्र यायचंच नाही, केबल कार्डमध्ये हवी. मला वाटलं सुटलो, पण कार्डमध्ये लावली तरी नो सिग्नल. रॅम काढून एकच ठेवली, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाबली. प्रोसेसरजवळची आठ पिनची वायर बघितली, ती बरेच जण विसरतात म्हणे, आम्ही लावलेली होती. कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून बोर्डवरच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टेकवल्या, म्हणजे बटणाचा दोष असला तर कळावा. नव्हता. एसएमपीएसवर मात्र माझा संशय जाईना, माझा धंदाच तो, म्हणून तो सुटा केला, मोठ्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये सोळावी पिन आणि शेजारची अर्थची पिन तारेने जोडली की तो एकटा चालू होतो (पूर्वी सोळावी वायर हिरवी असायची, आता बऱ्याचदा सगळ्या काळ्या येतात, पिना मोजाव्या लागतात), मीटर लावला तर १२.१ व्होल्ट. ११.४ ते १२.६ च्या आत असलं की ठीक, तेव्हा बिचारा निर्दोष सुटला. मग सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढून मदरबोर्डच्या खोक्यावर मांडलं, कुठे बोर्डखालचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खुंट) चुकीच्या जागी लागून बोर्ड शॉर्ट होतोय का बघायला. तेही नाही. रात्रीचे अकरा वाजले, बायको म्हणाली जेवणार आहात की तेही नो सिग्नल.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन. तिकडून एकच उत्तर, फिटिंग तुम्ही केलंय, पिन वाकवली असणार, माल परत होणार नाही, बिलावर छापलंय बघा. आता या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना. घड्याळवाल्याचं भिंग आणून लेकीने ओळ न् ओळ बघितली, एकही वाकडी नाही.

शेवटी तिचंच लक्ष गेलं. बोर्डच्या कडेला मोहरीएवढे चार दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असं लिहिलेले, त्यातला सीपीयूचा लाल पेटून राहत होता. कॅबिनेटच्या रंगीत झगमगाटात तो दिसलाच नव्हता! तो धरून तिने बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची, त्या बोर्डवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी काढली. बी४५० चे बोर्ड आले २०१८ मध्ये, हा प्रोसेसर आला २०२२ मध्ये, सॉकेट एकच खरं, पण बोर्डमधला बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) जुना असला तर तो नव्या पाहुण्याला ओळखतच नाही, पंखे फिरवत नुसता बसून राहतो. आमच्या बोर्डच्या स्टिकरवर जुनाच बायोस होता. म्हणजे माल चांगला, फिटिंग चांगलं, आणि तरी मशीन मेलेलं.

काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, पेनड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतो. आमच्याला नव्हतं (स्वस्त का होता ते तेव्हा कळलं). म्हणजे बायोस बदलायला मशीन चालू हवं आणि मशीन चालू व्हायला बायोस बदललेला हवा. बाजारपेठेत एक रिपेअरवाला ओळखीचा आहे, त्याच्या पंपाची मोटर मी भरून दिली होती, त्याने स्वतःच्या मशीनमधला जुना रायझन ५ २६०० काढून दिला तासाभरासाठी. तो बसवला आणि पहिल्या फटक्यात स्क्रीन आली. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉर्मॅट करून त्यावर नवीन बायोसची फाइल, अपडेट सुरू केलं, आणि मधेच लाइट गेली तर बोर्ड कायमचा बाद होऊ शकतो म्हणून माझ्या दुकानातला इन्व्हर्टर उचलून घरी आणलेला. लाइट गेली नाही. आमच्याकडे नको तेव्हा नेमाने जाते, त्या दिवशी नाही गेली.

आता माझी लाज सांगतो. मशीन चालू झाल्यावर लेक म्हणाली, बाबा, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर पेटला. मीटरने बघितलं तर शंभराच्या वर व्होल्ट. एसएमपीएसच्या आत फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर असतो, घराला अर्थिंग नसलं की बॉडीवर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट येऊन बसतात, करंट अगदी थोडा असतो पण झटका लागतोच. पुरात अर्थिंगची तार तुटली होती ती मी लोकांची कामं करता करता तशीच ठेवली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरात. आमची जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, तेव्हा कोळसा-मीठ घालून नवीन खड्डा केला, आता त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडे.

दुकानदारांना सांगणं एवढंच की बोर्ड आणि प्रोसेसर एकत्र विकताना बिलावर बायोसचा व्हर्जन लिहा, नाहीतर काउंटरवर पाच मिनिटं लावून स्क्रीन दाखवून द्या. तुम्हाला पाच मिनिटं, आमचे तीन दिवस आणि लेकीचं रडणं. आणि ते छापलेलं वाक्य. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस. आमचा बोर्ड सदोष नव्हता म्हणून मी पुढे गेलो नाही, पण ज्याचा खरंच असेल त्याने फोनवरच्या उत्तराने गप्प बसू नये, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि साहेब तुम्ही त्या लेखाचा दुसरा भाग छापा, बटण दाबूनही काही झालं नाही तर कुठून सुरुवात करायची असा. लेक लिहून द्यायला तयार आहे, फोटोही तिने काढलेत, फक्त त्यातला मी टेस्टर धरून तोंड उघडं टाकून उभा आहे तो तेवढा घेऊ नका.

आपला,
एक रिवायंडिंगवाला, चिपळूण