ट्रकवरच्या घराची बांधणी आणि वायरिंग

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोनवर ट्रकवरच्या घराच्या बांधणीचा आणि वायरिंगचा विषय निघाला, तेव्हा तू म्हणालीस की, “पैसे गेले तर जाऊ देत, पण ते काम जाणत्या माणसाकडून करून घे.” फोनवर घाईत मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. सप्टेंबरमध्ये तुम्ही मिनेसोटाला आलात की सुपीरियर सरोवराच्या काठाने आपण याच ट्रकमधून जाणार आहोत. त्यामुळे कोणते काम मी केले आणि कोणते गॅरेजकडे दिले, हे तुम्हाला ठाऊक असायला हवे.

बाबा, आमचा ट्रक 2019 चा फोर्ड एफ-350 आहे. त्याच्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली खोली, वरून ठेवली जाते. पाणी, गॅस आणि सामान धरून तिचे वजन साधारण 1,400 किलो भरते आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या क्षमतेत ते बसते. ही खोली हौद्याला नव्हे, तर खालच्या चॅसीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, बांधायची, हे मी आधीच ठरवले होते, कारण या ट्रकचा हौदा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आहे आणि वळणावर किंवा आडव्या वाऱ्यात येणारा ओढा तो पत्रा किती वर्षे सोसेल, याची मला खात्री वाटेना. चॅसीला चार पोलादी हात बसवायचे आणि प्रत्येक हातापासून कॅम्परच्या कोपऱ्यातल्या कडीपर्यंत एक टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा सांधा, लावायचा. वीजमंडळात तुम्ही खांबाला स्टे, म्हणजे आधाराची तार, देताना जो टर्नबकल फिरवत होता, त्याचाच हा भाऊ. पुढचे दोन पुढे ओढतात, मागचे दोन मागे, आणि चारही ताण सारखे असले की खोली जागची हलत नाही. फरक इतकाच की यात स्प्रिंग असते, कारण खराब रस्त्यावर चॅसी पिळवटते आणि ताठ सांधा असेल तर कडीच उपटून येते.

गॅरेजने या सगळ्याची आठ तासांची मजुरी सांगितली होती. पैसे मी दिलेही असते, पण हात बसवायला कुठेही भोक पाडायचे नव्हते. चॅसीची मूळचीच भोके वापरायची होती आणि प्रत्येक बोल्ट किती आवळायचा, तो आकडा सोबतच्या पुस्तिकेत छापलेला होता. त्यामुळे टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना, विकत आणून मी दोन शनिवार ट्रकखाली घालवले. मागच्या उजव्या भोकातला मूळचा बोल्ट मात्र हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजून बसला होता. जोर लावून तो तुटला असता, म्हणून तेवढा एक गॅरेजमध्ये गॅसने तापवून काढून घेतला. त्यात मला कमीपणा वाटला नाही.

वायरिंग मात्र मी हट्टाने स्वतः केले, आणि त्याला कारण आहे. मागच्या वर्षी एका गॅरेजने ट्रेलरच्या दिव्यांचा जोड वायर न सोलता वरून नुसती क्लिप दाबून दिला होता. एका हिवाळ्यात त्यातले तांबे हिरवे पडून भुसभुशीत झाले आणि रात्री भर रस्त्यात मागचे दिवे गेले. या वेळी दिव्यांसाठी ट्रकच्या मूळ कनेक्टरमध्ये बसणारी तयार जोडणी घेतली आणि मूळची एकही वायर कापली नाही. कॅम्परची बॅटरी चार्ज करणारी लाइन मात्र बदलावी लागली. इंजिन चालू असताना पुढे 14.1 व्होल्ट मिळत होते आणि मागे, भार असताना, जेमतेम 12.9. एवढ्या लांबीला ती वायर बारीक पडत होती, हे तुम्ही मीटर न लावताही सांगितले असते. आता सहा गेजची, म्हणजे सुमारे 13 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली आहे. सायलेन्सरचा पाइप उजवीकडून जातो, म्हणून केबल डावीकडून नेली, ब्रेकच्या नळ्यांपासून दूर ठेवली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज दिला. हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली होती, हे सांगायला नकोच.

बाबा, लग, म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवायचे धातूचे टोक, दाबताना तुमचीच आठवण येत होती. पहिली लग दाबून मी पायाने केबल धरली आणि दोन्ही हातांनी ओढली, तर ती सुटून हातात आली. दाबायच्या हत्यारातला साचा एक माप मोठा लागला होता. योग्य साच्यात दाबलेली दुसरी लग हलली नाही. मग वरची स्लीव्ह, म्हणजे तापल्यावर आवळणारी नळी, तापवली, तेव्हा आतला डिंक दोन्ही तोंडांशी थेंबभर बाहेर आला आणि सांधा बंद झाला.

आई, पहिल्या फेरीत ऐंशी किलोमीटरवर थांबून सगळे बोल्ट आणि टर्नबकल पुन्हा तपासायचे असतात. ते मी तुम्ही येण्याआधीच करणार आहे. शिवाय ट्रक चालू असताना खोलीत कोणीही बसायचे नाही. तुम्ही दोघेही पुढे आमच्याजवळ बसाल.

बाबा, सोबत बारा फोटो आहेत. प्रत्येक लग मोठी करून पाहा आणि जी पसंत पडणार नाही तिचा क्रमांक सांगा. ती कापून मी नवीन लावीन. केबल दोन्ही टोकांना हातभर जास्त ठेवली आहे.

तुमची लेक