ताई, त्या भयकथांसाठी मनापासून थँक्यू!

ताई, मी फक्त एवढंच विचारलं होतं की एका बैठकीत वाचून होतील अशा जुन्या भयकथा सांगा, आणि तुम्ही नुसती नावं न देता कुठली आधी वाच, कुठलीचा सारांश चुकूनसुद्धा बघू नको, असं सगळं नीट लिहून पाठवलंत, एवढा वेळ कोण कुणासाठी काढतं हो!

पहिली जेकब्जची 'द मंकीज पॉ' (१९०२) वाचायला सांगितलीत ते फार बरं केलंत. तीन इच्छा, त्यातली पहिली फक्त २०० पौंडांची, आणि ते पैसे ज्या कारणाने घरात येतात ना, तिथेच मी पुस्तक खाली ठेवलं. नंतर दारावर ती थाप पडते तेव्हा बाहेर काय उभंय ते तो दाखवतच नाही, सगळं आपल्याच डोक्यात उभं राहतं. तुम्ही म्हणाला होतात की काय दाखवलं नाहीये तिकडे लक्ष ठेव, ते आता प्रत्येक कथेत करतेय आणि वाचायची पद्धतच बदललीय माझी.

पो ची 'द टेल-टेल हार्ट' एका दमात संपली, भारीच आहे. पण मला सगळ्यात जास्त लागली ती गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२). भूत नाही काही नाही, एक बाई, एक खोली, भिंतीवरचा तो पिवळा कागद आणि तुझ्या भल्यासाठीच म्हणत तिला लिहूही न देणारा डॉक्टर नवरा, बस. गिलमनला स्वतःलाही डॉक्टरांनी आराम कर, पेन हातात धरू नको असं सांगितलं होतं हे तुम्ही कथा वाचून झाल्यावरच बघ म्हणालात, आणि खरंच ते कळल्यावर मी परत पहिल्यापासून वाचली, आणि आता तर त्या नवऱ्याच्या प्रेमळ बोलण्याचीच भीती वाटायला लागली.

शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी' (१९४८) मात्र दिवसा वाचली तरी फरक पडत नाही, कारण ती घडतेच जूनमधल्या छान उन्हात, गावच्या चौकात, पोरं सुरुवातीलाच दगड गोळा करत असतात आणि आपल्याला काहीच वाटत नाही!! ती छापून आल्यावर अशी लॉटरी खरंच कुठे होते असं विचारणारी पत्रं लोकांनी त्या साप्ताहिकाला पाठवली होती म्हणे, मला ते अगदी पटतं.

आता ब्लॅकवुडची 'द विलोज' सुरू केलीय, डॅन्यूब नदीतल्या बेटावर दोघं तंबू ठोकून बसलेत इथपर्यंत आलेय. संपली की लिहिते तुम्हाला, आणि एम. आर. जेम्सची कुठली आधी घेऊ तेही सांगून ठेवा प्लीज.