छोट्या कुत्र्यांना काही आठवड्यांचं घर हवं आहे

सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यात आमच्या एका स्वयंसेविकेला फोनवर ‘सध्या जागा नाही’ म्हणावं लागलं. घर रिकामं करून माणसं निघून गेली होती आणि त्यांचा पांढरा पॉमेरेनियन बंद दारासमोर दोन दिवस बसून होता. शेजारी पाणी ठेवत होते, पण तो दारापासून हलायला तयार नव्हता. शेवटी त्या शेजाऱ्यांनीच त्याला चार दिवस कसंबसं सांभाळलं, तोवर आमच्याकडचं एक घर मोकळं झालं. तो आता सुखरूप आहे. पण त्या चार दिवसांत आमच्यापैकी कोणालाही धड झोप लागली नाही, म्हणून हे आवाहन.

आमचा गट सोडून दिलेल्या छोट्या जातींच्या कुत्र्यांसाठी काम करतो. आमच्याकडे निवारा नाही. आहेत ती स्वयंसेवकांची राहती घरं, आणि एखादं घर मोकळं असेल तरच आम्हाला कुत्रं आणता येतं. जितकी घरं, तितकीच कुत्री. पैसे लागतातच, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, पण आज काम अडलं आहे ते घरांपायी.

घरच का, असं विचारलं जातं. यातली बहुतेक माणसांच्या मांडीवर वाढण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या पैदास झालेली कुत्री आहेत. पगचं नाक इतकं आखूड असतं की धापा टाकूनही त्याचं अंग लवकर थंड होत नाही, उन्हात तो बघता बघता कोसळू शकतो. शिह त्झूचे डोळे बाहेर आलेले असतात, साध्या ओरखड्याची जखम चिघळून डोळा जाऊ शकतो. चिहुआहुआचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी त्याच्या रक्तातली साखर उतरू शकते. रस्त्यावर यांचा निभाव लागत नाही. आणि गजबजलेल्या निवाऱ्यात चहूबाजूंनी भुंकणं ऐकून ही कोपऱ्यात थिजून बसतात, खाणं सोडतात, भीतीपोटी कोणाच्या तरी हाताला दात लावतात. मग ‘चावरं’ असा शिक्का बसतो आणि दत्तक घ्यायला कोणी पुढे येत नाही. तेच कुत्रं एखाद्या शांत खोलीत आठवडाभर राहिलं की पायाशी येऊन झोपतं. हे आम्ही इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही.

मागे एक शिह त्झू मादी आली होती. पिल्लांसाठीच ठेवलेली, आणि वय झाल्यावर सोडून दिलेली. कानामागे आणि काखेत केसांच्या जटा इतक्या घट्ट झाल्या होत्या की तिला पाय पूर्ण पुढे टाकता येत नव्हता. केस कापायचं मशीन लावलं की ती कळवळायची, म्हणून डॉक्टरांनी तिला गुंगीचं औषध दिलं. दीड तासाने तो सगळा थर कांबळ्यासारखा एकसंध निघाला. खाली लालभडक कातडी आणि हाताला लागणाऱ्या बरगड्या. फॉस्टर घरी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्याला तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरी, आणल्यावर तिला गुळगुळीत फरशीवर चालता येईना, जिना काय असतो हे तिला ठाऊक नव्हतं. त्या घरातल्या ताईंनी खोलीभर जुन्या सतरंज्या पसरल्या. नवव्या दिवशी ती त्या सतरंज्यांवरून चालत स्वयंपाकघरापर्यंत आली. त्या दिवशी आलेला ताईंचा फोन आम्ही विसरणार नाही.

फॉस्टर म्हणून तुम्ही काय करायचं? पहिले तीन दिवस शक्यतो काहीच नाही. एक कोपरा, एक अंथरूण, पाणी, आणि कोणीही मुद्दाम बघायला न येणं. दार मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळायचं, कारण नवं कुत्रं सुरुवातीच्या दिवसांतच निसटतं. बाहेर नेताना गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावू नका, छातीवरचा हार्नेसच वापरा. या जातींची श्वासनलिका नाजूक असते, गळ्याला हिसका बसून ती आणखी दबू शकते. तुमच्या घरी कुत्रं असेल तर त्याचं लसीकरण पूर्ण हवं, आणि तरीही दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवावं लागेल. पार्व्हो किंवा डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजारांची लक्षणं दिसायला तेवढा काळ जाऊ शकतो. घरात शी-शू होईल, तेही गृहीत धरा. याखेरीज रोज चार ओळी लिहून पाठवा: एकटं राहिल्यावर रडतं का, मुलांना घाबरतं का, मांजर दिसल्यावर काय करतं. कुत्र्याचं कायमचं घर आम्ही या ओळींवरूनच ठरवतो.

घरातल्या सगळ्यांची मनापासून तयारी नसेल तर कृपया हो म्हणू नका. आठ दिवसांत परत आलेलं कुत्रं आणखी मिटून जातं.

‘आम्हाला सोडवणार नाही’ हे उत्तर आम्हाला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. खरं आहे, सोडवत नाही. आम्हीही दर वेळी रडतो. पण कुत्रं कायमच्या घरी गेल्यावर जो कोपरा रिकामा होतो, त्याच कोपऱ्यात पुढचं येतं. दारासमोर बसलेल्या त्या पॉमेरेनियनला जागा मिळाली, ती अशीच कोणीतरी डोळे पुसत एक कुत्रं निरोप देऊन पाठवलं म्हणून. आमच्या गटातल्या एक काकू प्रत्येक कुत्र्याबरोबर त्याने वापरलेली चादर न धुता देतात. ओळखीचा वास सोबत असला की नव्या घरातली पहिली रात्र त्याला जड जात नाही.

आता पैशांचं. नसबंदी, लसी, रक्ततपासणी हे नेहमीचे खर्च आहेतच. मोठा खर्च होतो दातांवर. एवढ्याशा जबड्यातही मोठ्या कुत्र्याइतकेच ४२ दात असतात, ते दाटीवाटीने येतात, कीट साचतं आणि हिरड्या सडतात. असे दात भूल देऊनच काढावे लागतात. नसबंदी न झालेल्या मोठ्या वयाच्या मादीच्या गर्भाशयात पू झाला तर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते, तिथे निधी जमेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून थोडी रक्कम पण दर महिन्याला, अशी मदत आम्हाला सर्वांत उपयोगी पडते. प्रत्येक बिल आम्ही दाखवतो, जरूर मागून बघा.

पैसे किंवा जागा देणं शक्य नसेल तर जुने टॉवेल, चादरी, छोटे हार्नेस, प्रवासाची पिशवी किंवा पिंजरा द्या. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी दवाखान्याची एखादी फेरी घ्या.

आज तीन कुत्री जागेची वाट पाहत आहेत. एक म्हातारा डॅशहंड आहे, त्याच्या पाठीच्या मणक्याला त्रास आहे, त्याला पायऱ्या चढू-उतरू द्यायच्या नाहीत आणि सोफ्यावरून उडी मारू द्यायची नाही. बाकीचे दोघे पग, एकाच घरातून आलेले. रात्री एकमेकांच्या पाठीला पाठ लावून झोपतात, म्हणून त्यांना एकत्रच ठेवायचं आहे. ज्यांच्या घरात जिना नाही, त्यांनी डॅशहंडसाठी आमच्या कोणत्याही स्वयंसेवकाला आजच कळवावं. त्याला शनिवारपर्यंत हलवायचं आहे.