खाशाबांच्या मेहनतीविषयी थोडे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. चि. ओंकार पहाटे उठून तालमीत जातो, हे वाचून फार बरे वाटले. मात्र ‘अंगात रग असली आणि मेहनत केली की ऑलिंपिकही दूर नाही, खाशाबांकडे बघ’ हे तुझे वाक्य मला अर्धेच पटले.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पहिलवानाच्या घरात जन्मले, म्हणजे शड्डूचा आवाज त्यांनी अक्षरओळखीच्या आधी ऐकला असणार. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले आणि फ्लायवेट या वजनगटात सहावे आले. तोवरचा त्यांचा सारा सराव लाल मातीवरचा. मातीत पाय रुततो, प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले की कुस्ती संपते. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर, म्हणजे मॅटवर होते; तिथे पाय वेगळा टाकावा लागतो, वेळ मोजली जाते आणि गुणांवरही निकाल लागतो. इतक्या वर्षांच्या जोर-बैठका कामी आल्याच, पण ज्या गादीवर लढायचे तीच सरावाला नव्हती, आणि ही उणीव काही त्यांच्या मेहनतीतली नव्हे.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे तर पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. (आपल्या वेळच्या एखाद्या प्राचार्यांनी असे केले असते का, हे तूच सांग!) तेथे जपानच्या इशीशी दमछाक करणारी लढत हरल्यावर खाशाबांना पुरेशी विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, आणि त्यांच्या बाजूने नियम दाखवून भांडणारा अधिकारी जवळ नव्हता. तरीही बँटमवेटचे कांस्यपदक त्यांनी आणले, आणि परतल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून प्राचार्यांचे कर्जही फेडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे १९९६ साली लिअँडर पेसने मिळवले. मधली ४४ वर्षे या देशात कोणी घाम गाळतच नव्हते, असे मला तरी म्हणवत नाही.

म्हणून ओंकारच्या मेहनतीचे तास वाढवण्याआधी त्याच्या तालमीत गादी आहे का, वस्तादांना गुणांचे नियम शिकवता येतात का आणि खुराकाचा खर्च तुला वर्षानुवर्षे झेपेल का, एवढे बघ. शेवटच्या बाबतीत संकोच करू नकोस, मला कळव.

वहिनींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
माधव