पंधरावी गाय

प्रिय मित्रा,

मागच्या फोनवर तू विचारलंस रविवारी भल्या पहाटे कुठं गायब असतोस, मी म्हटलं गुरं बघायला जातो आणि तू जो हसत सुटलास तो फोन कट होईपर्यंत. म्हणून आता सगळं बैजवार लिहितो.

इंग्लंडातल्या आमच्या ब्रॅकनेलहून जवळच, क्रोथॉर्नच्या बाजूला, वाइल्डमूर हीथ नावाचा राखीव माळ आहे. हीथ म्हणजे वाळूची निकस जमीन, गुडघाभर उंच हेदरची झुडपं, ती ऑगस्टात जांभळी होतात, आणि मधेमधे गॉर्सची काटेरी झुडपं. गॉर्सच्या पिवळ्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो रे, पहिल्यांदा आला तेव्हा मी तिथंच थबकलो, आईच्या वड्या आठवल्या.

हा माळ आपोआप झालेला नाही. हजारो वर्षं लोकांनी झाडं तोडली, गुरं चारली, सरपण नेलं म्हणून तो उघडा राहिला. चराई थांबली की बर्च आणि पाइन घुसतात आणि बघता बघता रान माजतं. 1800 पासून इंग्लंडातला असा 80 टक्क्यांहून जास्त माळ गेलाय, काही शेतीखाली, काही घरांखाली, काही झाडांखाली. म्हणून वाइल्डलाइफ ट्रस्टवाले इथं मुद्दाम गाई सोडतात. त्या माजलेलं गवत खातात, बर्चची कोवळी रोपं खुडतात, खुरांनी वाळू उकरली जाते तिथं एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या बिळं करतात. रातवा पक्षी आफ्रिकेतून येऊन इथं उघड्या जमिनीवर अंडी घालतो, घरटं नाहीच. सगळा माळ रानाने गिळला तर त्याने जायचं कुठं?

गाई उघड्यावर, गुराखी नाही, मग रोज कुणीतरी जाऊन बघायला लागतं. इथं त्याला लुकर म्हणतात, आम्ही सगळे व्हॉलंटियर, माझी पाळी रविवारची. आधी डोकी मोजायची. मग लंगडतेय का, खोकतेय का, शेण पातळ आहे का, रवंथ चालू आहे का, हौदात पाणी आहे का, फाटकं बंद आहेत का. सगळं ठीक असलं तरी ग्रुपवर मेसेज टाकायचाच. आणि वासरू असेल तर त्याच्या आणि आईच्या मधे जायचं नाही, हे ट्रेनिंगमधे सांगितलं पण मला आजोळीच ठाऊक होतं. शेणाचंही एक आहे, जंताचं औषध उगीच देत नाहीत, काही औषधं शेणात उतरतात आणि शेणकिडे मरतात.

जुलैतल्या एका रविवारी पंधरांपैकी चौदाच भरल्या. परत मोजल्या, चौदाच. तासभर हिंडलो, बूट दलदलीत भरले, पोटात गोळा आला, कुत्रं मागे लागून कुंपणाबाहेर गेली की काय, रस्त्यावर गेली असेल तर? शेवटी गॉर्सच्या आडोशाला एकटीच उभी दिसली, काळी, ठेंगणी. डावा डोळा मिटलेला, त्याखाली गालावर पाण्याचा ओघळ वाळलेला, त्यावर माश्या बसलेल्या. पापणी जरा किलकिली झाली तेव्हा बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला. मी लगेच फोन लावला. डोळ्याच्या या रोगाला इथं न्यू फॉरेस्ट आय म्हणतात, माश्यांमुळे पसरतो, वेळीच औषध नाही मिळालं तर डोळाही जाऊ शकतो. दुपारी माणसं येऊन घेऊन गेली, मलम घातलं, बाकीच्या चौदांचे डोळेही तपासले. दोन आठवड्यांनी ती परत कळपात दिसली, डोळा उघडा, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

तुला हे सगळं का लिहितोय, तर तुमच्या साताऱ्याजवळच्या कास पठारामुळे. तिथं जाळी घातली, गुरं बंद केली, मग फुलं कमी झाली म्हणून गावचे लोक बोलायला लागले आणि शेवटी जाळी काढली. मला त्यांचं पटतं. कासच्या सड्यावर आणि इथल्या हीथवर वेगळं काहीही उगवत असलं तरी शेण, खूर आणि दात यांनी जमीन उघडी राहते हे दोन्हीकडे सारखंच असावं असं वाटतं.

तू पुढच्या वेळी वर गेलास की तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला गाठ आणि विचार, जाळीच्या आधी गुरं कुठल्या महिन्यात वर न्यायचे आणि फुलं यायच्या आत खाली आणायचे का. जे सांगेल ते जसंच्या तसं मला लिही, मी वाट बघतोय.

तुझाच